नौपाड्यातला बालवाडी-संचालिकांचा शनिवारचा वर्ग : कुणी करावा, कुणी करू नये

बालवाडी, प्ले ग्रुप किंवा पाळणाघर चालवणाऱ्यांसाठी ठाण्यात नौपाड्याला शनिवारी दुपारी एक वर्ग भरतो. जूनमध्ये सुरू होतो आणि दिवाळीच्या आधी संपतो. गोखले रोडच्या आतल्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर हॉल आहे. जाहिरात जवळजवळ नाहीच, व्हॉट्सअॅपवर एकीकडून दुसरीकडे माहिती जाते, म्हणून सविस्तर लिहितेय. फी साडेसहा हजार, दोन हप्त्यांत दिली तरी चालते. माझं मत आधीच सांगते. जिच्या हाताखाली शिक्षिका आणि मावशी आहेत, जिला मालक, पालक आणि मुलं यांच्यामध्ये रोज उभं राहावं लागतं, तिने हा वर्ग जरूर करावा. बालवाडीचा धंदा कसा वाढवायचा एवढंच शिकायचं असेल, तर तिकडे जाऊ नका. ते तिथे मिळत नाही.

मी ऐरोलीत एका रो-हाउसच्या तळमजल्यावरची बालवाडी सांभाळते. जागा आणि पैसा मालकांचा, रोजचं सगळं माझ्याकडे. मुलं दोन ठिकाणांहून येतात : आयटी पार्कमध्ये कामाला जाणाऱ्यांच्या सोसायट्यांतून आणि दिवा कोळीवाड्यातून. बालशिक्षणाचा डिप्लोमा मी पूर्वीच केलेला होता. गाणी, गोष्टी, मातीकाम यांत मला अडचण नव्हती. अडचण यायची ती केबिनमध्ये बसल्यावर. प्रवेश किती द्यायचे, शिक्षिका मुलावर ओरडली तर काय करायचं, पालक घरचा अभ्यास मागतात त्यांना काय सांगायचं. शिक्षिकेची संचालिका झाली की हे सगळं एकदम अंगावर येतं आणि ते शिकवणारं कुणी नसतं. हा वर्ग नेमका तिथे उपयोगी पडतो.

शिकवणाऱ्या बाई एकात्मिक बाल विकास सेवा योजनेतून मुख्यसेविका म्हणून निवृत्त झाल्या आहेत. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली. आपल्याला अंगणवाडी दिसते, सेविका आणि मदतनीस दिसतात, पण त्यांच्यावर देखरेख करणारी मुख्यसेविका सहसा कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. शहापूर आणि मुरबाडच्या पाड्यांवर बाईंनी आयुष्य काढलं आहे. त्यामुळे बोलणं पुस्तकी नाही आणि आवाज चढवण्याची गरज त्यांना पडत नाही. सगळ्यांना त्या ‘अहो ताई’ म्हणतात, अगदी विशीतल्या मुलींनासुद्धा.

पहिल्याच शनिवारी त्यांनी घरचं काम दिलं. आपापल्या वर्गखोलीचं माप घेऊन यायचं. भिंतीपासून भिंतीपर्यंतचं नव्हे, कपाट, टेबल, चपलांचा रॅक वजा करून मुलांना खरोखर वावरायला उरते तेवढ्या जमिनीचं. पुढच्या वेळी सगळ्यांची मापं फळ्यावर लिहिली आणि मग त्यांनी पूर्वबाल्य शिक्षणाचं २०१३चं राष्ट्रीय धोरण काढलं. त्यात लिहिलंय : तीस मुलांच्या गटाला किमान ३५ चौरस मीटरची खोली, बाहेर खेळायला किमान ३० चौरस मीटर जागा, तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक मोठं माणूस आणि तीन वर्षांखालच्या दहांमागे एक. म्हणजे एका मुलाच्या वाट्याला खोलीत साधारण साडेबारा चौरस फूट. माझ्या मोठ्या खोलीत मोकळी जमीन भरली दोनशेवीस चौरस फूट. सतरा, फार तर अठरा मुलं. पटावर होती चोवीस.

धोरण म्हणजे कायदा नव्हे, त्यामुळे कुणी टेप घेऊन तपासायला येत नाही. हे बाईंनी स्वतःच सांगितलं आणि पुढे विचारलं, मग ते बोलणार कोण? मूल तर म्हणणार नाही, मला जागा कमी पडते. ते शेजारच्याला चावेल, ढकलेल, नाहीतर कोपऱ्यात जाऊन बसेल, आणि आपण त्याच्या नावापुढे ‘मारकुटा’ लिहू. मालकांशी बोलायला जाताना धोरणाचा कागद नेऊ नका, महिनाभराची पडझडीची वही न्या, असं त्यांचं म्हणणं. कुठलं मूल, किती वाजता, कुठल्या खोलीत, काय लागलं. मी तशी वही ठेवली. चावण्या-ढकलण्याच्या बहुतेक नोंदी त्याच मोठ्या खोलीतल्या आणि साडेदहा ते अकराच्या होत्या, म्हणजे दोन्ही गट एकत्र असतात तेव्हाच्या. मालकांनी वही वाचली तरी लगेच मान डोलावली नाही. सहा मुलांची फी म्हणजे किती ते त्यांनी माझ्यासमोर कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं. पण नोंदी वाचल्यावर ते ‘मुलं आहेत, पडणारच’ म्हणू शकले नाहीत. आता आमच्याकडे नऊ आणि साडेअकरा अशा दोन तुकड्या भरतात. एवढ्या एका बदलात माझी फी वसूल झाली.

निरीक्षणाचा भाग मला सगळ्यात जास्त आवडला. एक मूल निवडायचं, वीस मिनिटं त्याच्याकडे बघायचं आणि जे दिसतं तेवढंच लिहायचं. ‘हट्टी’ लिहायचं नाही, ‘हात झटकला’ लिहायचं. ‘लाजाळू’ नाही, ‘ताईच्या ओढणीमागे उभी राहिली’. ऐकायला सोपं वाटतं, पण पहिल्या खेपेला हॉलमधल्या जवळजवळ सगळ्यांच्या कागदांवर बाईंच्या लाल पेनाच्या रेघा होत्या.

मी आमच्याकडचा साडेतीन वर्षांचा एक मुलगा निवडला. डबा रोज भरलेला घरी जायचा आणि त्याची आई काळजीत होती. डॉक्टरांकडून भुकेचं टॉनिकही आणलं होतं. वीस मिनिटांत मी जे लिहिलं ते असं. हात धुवून आला. डबा समोर ठेवला. क्लिपवर अंगठा ठेवला, दाबला, उघडली नाही. शेजारच्या मुलीकडे पाहिलं. पुन्हा अंगठा. हात मांडीवर ठेवले. मावशी मागून गेल्या, त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं, बोलला नाही. शेजारच्या मुलीने चकलीचा तुकडा दिला, तो लगेच खाल्ला. वेळ संपली, डबा पिशवीत. मुलाला भूक होती. डब्याची स्टीलची क्लिप घट्ट होती आणि ‘उघडून दे’ म्हणायची त्याला घरी कधी वेळच आली नव्हती, कारण मागायच्या आधीच त्याच्यासमोर सगळं येत होतं. मी आईला तो कागद वाचून दाखवला. तिने फिरकीच्या झाकणाचा डबा आणला, आणि ‘ताई, उघडून द्या’ एवढं म्हणायचा सराव आम्ही सगळ्याच मुलांकडून करून घेतला. टॉनिक बंद झालं. बाईंना हे सांगितल्यावर त्यांनी विचारलं, बाकीच्या डब्यांच्या क्लिपा तपासल्या का? तपासल्या. आणखी दोन सापडल्या.

पालकांशी बोलायचा सराव तर नाटकासारखा करून घेतात. एकीने आई व्हायचं, एकीने संचालिका. ‘शेजारच्यांचा मुलगा झेडपर्यंत लिहितो, आमची अजून रेघोट्याच मारते. तुम्ही शिकवता काय?’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. बाई आधी त्या आईची बाजू घेतात. तिला पुढच्या शाळेच्या प्रवेशाची धास्ती आहे, तिला उडवून लावू नका. मग त्या एक माहिती देतात, ती मी आता प्रत्येक पालकसभेत सांगते. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर त्यातली साधारण तीनच दिसतात, बाकीची अजून कूर्चा असते. म्हणून आधी कणीक मळू द्या, कागद फाडू द्या, ओल्या फडक्याचं पाणी पिळू द्या, मोठ्या खडूने जमिनीवर रेघा ओढू द्या. पेन्सिल पळून जात नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे, म्हणजे पहिली-दुसरीसुद्धा त्याच टप्प्यात येतात, हे सांगितलं की बरेच बाबा ऐकून घेतात. आज्यांना मात्र मनगटाची हाडंच पटतात, असा माझा अनुभव.

बालशिक्षणाच्या इतिहासाचा एक शनिवार आहे. मला वाटलं होतं तारखा पाठ करायला लावतील. पण ही गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली निघाली, निदान तेव्हाच्या जिल्ह्यातली. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलं, १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू झाला, आणि १९४५मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. बोर्डी आणि कोसबाड दोन्ही डहाणू तालुक्यात. २०१४मध्ये पालघर वेगळा झाला, तोवर ते ठाणे जिल्ह्यातच होतं. आदिवासी मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर या बायका बालवाडी पाड्यावरच्या अंगणात घेऊन गेल्या. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. महागड्या साहित्याऐवजी बिया, पानं, शंख-शिंपले, माती वापरली. ताराबाईंना १९६२मध्ये पद्मभूषण मिळालं. बाई हे सगळं सांगतात ते कौतुकासाठी नाही. मूल येत नसेल तर आधी बालवाडीने काय बदलायचं ते बघा, हा त्यांचा मुद्दा. आमच्या पालकांच्या शिफ्टच्या वेळा आणि आमची दाराला कुलूप लावायची वेळ यांचा मेळ बसत नव्हता, त्याचा विचार मी तिथे बसून पहिल्यांदा नीट केला.

त्या दिवशी प्रत्येकीने घरून साहित्य आणायचं होतं. चिंचोके, बाटल्यांची झाकणं, नारळाच्या करवंट्या, कापडाचे तुकडे. टेबलावर ढीग झाला आणि त्यातून वर्गीकरण, मोजणी, पोत ओळखणं असे खेळ बसवले. मोठमोठ्या दुकानांत मिळणाऱ्या लाकडी संचांशिवाय भागतं, हे हाताने करून पाहिल्याशिवाय पटत नाही. चिंचोके आणि मणी तीन वर्षांखालच्यांच्या खोलीत न्यायचे नाहीत, घशात अडकतात, हेही तिथेच सांगितलं.

आता कायद्याचा शनिवार. त्या दिवशी एक वकील ताई येतात. बदलापूरला ऑगस्ट २०२४मध्ये शिशुवर्गातल्या मुलींच्या बाबतीत जे घडलं, त्यानंतर आमच्या भागातली प्रत्येक आई प्रवेश घेताना पहिला प्रश्न कॅमेऱ्यांचा विचारते. विचारायलाच हवा. वकील ताईंनी मात्र सुरुवात कॅमेऱ्यापासून केली नाही, शौचालयापासून केली. मुलाला कोण नेतं, दार किती उघडं असतं, कपडे कोण बदलतं, त्या वेळी दुसरं मोठं माणूस कुठे असतं. मग २०१२चा पॉक्सो कायदा समजावला. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होण्याची शक्यता वाटली, तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. आधी मालकांना विचारू, आधी आपण चौकशी करू, संस्थेचं नाव खराब होईल, यातलं काहीही त्याच्या आड येऊ शकत नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर एक वर्षापर्यंत. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाची ओळख उघड करायची नाही. हे मला तुकड्यातुकड्यांत माहीत होतं. कोणी कुणाला फोन करायचा, कागदावर काय लिहायचं, मुलाला पुन्हा पुन्हा का विचारायचं नाही, हा सगळा क्रम एकत्र पहिल्यांदाच ऐकला.

एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, पण संशय खोटा निघाला तर?’ वकील ताई म्हणाल्या, चांगल्या हेतूने दिलेल्या खबरीला कायद्याचं संरक्षण आहे, खरं-खोटं ठरवणं हे तुमचं काम नाही. हॉलमध्ये थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग मारण्या-ओरडण्याचा विषय निघाला. चिमटा काढणं, अंधाऱ्या खोलीत बसवणं याला आपल्याकडे शिस्त म्हणतात. २०१५च्या बाल न्याय कायद्यात मुलाशी क्रूरपणे वागणं हा गुन्हा आहे, आणि मुलं सांभाळायला ठेवलेल्या संस्थेतल्या माणसाने तो केला तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाऊ शकते. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर प्रत्येकीने मोबाइलमध्ये टाकला. ही हेल्पलाइन १९९६मध्ये मुंबईतच सुरू झाली, आता ती सरकारी यंत्रणेकडे आहे. आमच्या बालवाडीत हा नंबर आता मुख्य दाराच्या आतल्या बाजूला लावलाय, मावशींनाही दिसेल असा.

आरोग्यावर बाईंनी एक गोष्ट सांगितली, ती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी वर्षातून दोनदा होते : जन्मजात दोष, कमतरता, आजार, वाढीतला उशीर. खाजगी प्ले ग्रुपला जाणारं मूल मात्र या तपासणीच्या वाटेवर येतच नाही. महिन्याला चार हजार फी भरणाऱ्या घरातल्या मुलाचं बोलणं उशिरा येतंय हे कुणी तपासत नाही, आणि पाड्यावरच्या मुलाचं तपासलं जातं. मी जवळच्या बालरोगतज्ज्ञांना विचारून आमच्याकडे वर्षातून एकदा तपासणी ठरवली. पालकांची परवानगी घ्यायला वेळ लागला, पण झाली.

आता कमी काय आहे ते. तुकडी मोठी असते, चाळीसच्या वर. त्यामुळे पालकांशी बोलायचा सराव सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, मागे बसलेल्या मुली शेवटपर्यंत उठल्या नाहीत. हिशेबाचा भाग एका दुपारीत आटोपला आणि तोही पडद्यावर इंग्रजीत. फी ठरवणं, पावत्या, शिक्षिकांचे पगार, सुट्ट्यांचे पैसे यावर ठोस काहीच नाही. हे मला खटकलं, कारण शिक्षिकेला घर चालेल एवढा पगार मिळाला नाही तर ती मार्चमध्ये सोडून जाते आणि जूनमध्ये मुलांना नवा चेहरा बघावा लागतो. मुलांची बाजू मांडायची असेल तर पगाराचा विषय टाळून चालत नाही. बाईंना मी हे तोंडावर सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं. शून्य ते तीन वयोगटही वरवर होतो. पाळणाघरवाल्यांना झोप, लंगोट बदलणं, बाटल्यांची स्वच्छता, पहिल्या आठवड्यातलं रडणं यावर जास्त हवं होतं. झेरॉक्स फिकट असतात. लिफ्ट नाही. चहा चांगला मिळतो.

प्रमाणपत्राबद्दल स्पष्ट लिहिते, कारण सगळ्या तेच विचारतात. त्याला सरकारी मान्यता नाही आणि प्रवेशाच्या वेळीच ते सांगतात. त्यावर सरकारी नोकरी मिळणार नाही. पण पुढच्या वाटा खुल्या होतात. आमच्या तुकडीतली एक जण घणसोलीजवळच्या एका कंपनीच्या पाळणाघराची प्रमुख झाली. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं आहे, त्यामुळे ही कामं आपल्या पट्ट्यात निघतात. मुलाखतीत तिला विचारलं, मूल पडलं तर आधी काय करणार? तिने मूल, पालक, वही असा क्रम सांगितला आणि वहीचा नमुना पर्समधून काढून दाखवला. दुसरी जिल्हा बाल संरक्षण कक्षाबरोबर काम करणाऱ्या संस्थेत गेली. अगदी नवख्या, मुलांसोबत कधी काम न केलेल्या मुलींनी मात्र आधी वर्षभर कुठल्यातरी बालवाडीत मदतनीस म्हणून काढावं. इथे वर्गखोलीत उभं राहायला शिकवत नाहीत, ते येतं असं धरूनच चालतात.

पाचपैकी चार देईन. पुढची तुकडी जूनमध्ये. ऐरोली, रबाळे, कोपरखैरणेकडून येणाऱ्यांना ट्रान्स-हार्बरने ठाणे आणि पश्चिमेला उतरून चालत पंधरा मिनिटं. पावसात रिक्षा मिळत नाही, चालायची तयारी ठेवा. एखादा शनिवार चुकला तर पुढच्या वर्षीच्या तुकडीत बसून भरून काढता येतो, ते मात्र प्रवेश घेताना लिहून घ्या. पाळणाघरवाल्यांनी फी भरायच्या आधी शून्य ते तीनचे किती शनिवार आहेत ते विचारा, आणि दोनपेक्षा कमी सांगितले तर वाढवायला सांगा. चार-पाच जणींनी मिळून मागितलं तर बाई ऐकतात.